खांदेकरी

आमच्याकडे पडदा नाही.
म्हणून मेलेल्यांना उचलावं लागतं.
नाहीतर पाचव्या अंकाच्या शेवटी
राजा आपणच उठेल, झगा झटकेल
आणि चालत आत निघून जाईल.

ते काम माझं. मी गिल्बर्ट पास्क,
टेम्सच्या दक्षिण काठावरचा भाडोत्री नट,
आठवड्याला सहा शिलिंग, तेही गर्दी झाली तर.
माझ्या नकलेत बहुतेकदा एकच ओळ:
प्रेतं घेऊन जातात.

नक्कल म्हणजे कागदाची सुरळी.
तिच्यात फक्त आपापली वाक्यं,
आणि आपल्या आधी जो बोलणार
त्याच्या तोंडचे शेवटचे तीन शब्द.
ते कानावर पडेपर्यंत आपण मुके.
मारणाऱ्याला ठाऊक नसतं
मरणारा काय काय बोलून घेणार आहे.
सबंध नाटक एकट्या म्हाताऱ्या क्रोकडे,
तो दाराआड पोथी मांडीवर घेऊन
कांदा खात बसलेला असतो.

वर काळं कापड टांगलेलं दिसलं
की आत शिरतानाच लोकांना कळतं,
आज कुणी वाचत नाही.
मग ते निवांत अक्रोड फोडायला लागतात.
तिसरी तुतारी. भर दुपारी दोन वाजता
मी पेटती मशाल घेऊन येतो,
आणि तीन हजार माणसं, डोळ्यांवर ऊन घेऊन,
रात्र झाली असं मानतात.
इतका विश्वास मला माझ्या बायकोनेही कधी दिला नाही.

बार्नबी आमची राणी होता, तीन वर्षं.
खाटकाकडून आणलेलं मेंढीचं रक्त
फुग्यात भरून चोळीखाली,
तोंडाला शिशाचा पांढरा लेप.
किती वेळा उचलला असेन त्याला मेलेला!
वजन असं नव्हतंच. वाटेत हळूच म्हणायचा,
"गिल्बर्ट, बरगडीला नको, गुदगुल्या होतात."

मायकेलमसच्या आधीचा गुरुवार.
त्याने विषाचा पेला ठेवला, गुडघ्यावर आला.
शेवटचं वाक्य: दिवा विझवू नका.
'दिवा' राणीचा निघाला.
'विझवू' एखाद्या गाडीवानाचा.

खाली उभे असलेले आधी हसले,
मग गाद्यांवर बसलेले.
त्याने ओठ मिटले, आणि तसाच मेला.

'नका' राहिलं.
राजा तलवार उपसून उभा,
त्याला ते तिन्ही शब्द हवे होते.
सूड तिथेच अडला, सेनापती दाराशी अडला,
तळघरातलं भूत झडपेखाली वाकून अडलं,
आख्खं राज्य एका शब्दावाचून बुडायचं थांबलं.

क्रोने कांदा टाकला आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला.
राजाने रडायच्या आधीच
मी राणी उचलली.
त्या दिवशी ती जड होती.
बरगडीला हात लागला, तो काही बोलला नाही.
लेपावरून दोन रेघा ओघळत होत्या
आणि त्या माझ्या बाहीला लागल्या.

नाटकानंतर रिवाजाप्रमाणे नाच,
मेलेल्यांनीसुद्धा नाचायचं.
तो नाचला. रक्ताचा घागरा घालून,
शिट्ट्यांच्या तालावर, एकही पाऊल न चुकवता.

सोमवारी त्याला शिरस्त्राण दिलं, डोळ्यांवर येणारं.
नवी राणी पर्सिव्हल, वय दहा, 'स'ला 'श' म्हणणारा.
पाचवा अंक. नगारा.
"पाय मी धरतो," बार्नबी म्हणाला
त्या नव्या, अजून अंगाला न बसलेल्या आवाजात.
मी खांद्याकडून, तो पायांकडून,
आम्ही पोराला दाराआड नेलं.
तिथे त्याने एक डोळा उघडला.
"नीट मेलो ना मी?"

बार्नबीने जरा विचार केला.
बाहेर राजा धाय मोकलून रडत होता, वेळेवर.
"शेवटचा शब्द बोललाश ना," तो म्हणाला,
"झालं तर."